डांग्याची प्लेट

डांग्या खोकल्याचा जंतू बटाट्यावर वाढवतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी सकाळीच मला बाजारातून बटाटे आणायला सांगितलं. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी कार्यक्रम असेल. पण सरांनी ते बटाटे प्रयोगशाळेतच सोलले, ग्लिसरीनच्या पाण्यात उकडले, गाळले, त्यात अगर, म्हणजे समुद्री शेवाळाची घट्ट करणारी पूड, घालून पुन्हा शिजवलं आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर त्यात मेंढीचं रक्त मिसळलं. मग ते काचेच्या चपट्या बशांमध्ये ओतलं. थोड्या वेळात लाल रंगाची घट्ट जेली तयार झाली. या बशीला आम्ही प्लेट म्हणतो.

"बाकीचे जंतू कुठंही वाढतात," सर म्हणाले. "याचे नखरे जावयासारखे."

नखरे खरेच फार होते. साधे जंतू आज पेरले की उद्या दिसतात, हा बरेच दिवस घेतो. तोवर प्लेट सुकून चालत नाही, म्हणून तिच्याजवळ ओलं कापड ठेवायचं. नमुना घशातून घेऊन भागत नाही. नाकातून बारीक लवचीक काडी आत घालायची, थेट जिथे नाक घशाला मिळतं तिथपर्यंत, आणि मूल रडत असताना ती तिथे क्षणभर धरून ठेवायची. काडीच्या टोकाला कापूस असून चालत नाही, कापसातल्या स्निग्ध पदार्थानेसुद्धा हा जंतू मरतो. ज्याला कापूस सोसत नाही तो जंतू हाडामांसाच्या बाळाला उचलून नेतो, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं आणि आजही वाटतं.

जुनी पद्धत त्यामानाने सोपी होती. मुलाला खोकल्याची उबळ आली की उघडी प्लेट त्याच्या तोंडासमोर धरायची. सरांनी मला ती शिकवली एका ठेलारी आबांच्या नातवावर.

ठेलारी म्हणजे आमच्या धुळ्याकडचे मेंढपाळ. प्रयोगशाळेला लागणारं रक्त या आबांच्याच मेंढीचं असायचं. मेंढीच्या मानेतून थोडं रक्त काढून घ्यायचं आणि तिला सोडून द्यायचं, असा सरांचा त्यांच्याशी जुना घरोबा. एकदा आबा मेंढीऐवजी नातवाला घेऊन आले. पोरगा पाच-सहा वर्षांचा. खोकत सुटला की थांबेच ना. एकापाठोपाठ एक, श्वास घ्यायला उसंत नाही, तोंड लाल, मग जांभळं, डोळे बाहेर. आणि अखेर छातीतलं सगळं संपल्यावर आत ओढलेला तो लांब श्वास, 'हूऽप' असा. ज्याने तो आवाज एकदा ऐकला, त्याला पुन्हा कुणी सांगावं लागत नाही.

मी प्लेट धरली. पोरगा प्लेटवर खोकला आणि माझ्या हातावरच ओकला. आबा सगळं बघत होते. प्लेटमधल्या रक्तावर जंतू वाढतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं तसे ते डोक्याला हात लावून अहिराणीत म्हणाले, "मॅडम, ताटलीमा मन्ही मेंढीनं रगत शे, आनि तेवर मन्हा नातूना रोग वाढी ऱ्हायना?"

पोराला औषध देऊन सरांनी घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात प्लेटवर पाऱ्याचे थेंब सांडावेत तसे चकचकीत, इवले ठिपके उगवले. मी सरांना हाका मारत गेले. नोकरीतला माझा तो पहिला अभिमान. पण सांगायचं कुणाला? आबांचा वाडा, म्हणजे फिरतं बिऱ्हाड, मेंढरांमागे कुठल्या रानात गेला होता कोण जाणे. पुढच्या हंगामात ते मेंढी घेऊन आले तेव्हा मी धावत जाऊन विचारलं.

"पोऱ्या वाचना," आबा म्हणाले. "पन धाकली पोर गई. ती तं खोकलीबी नही, ताई. नुसती निळी व्हयनी."

पोरगा वाचला होता; गेली ती त्याची तान्ही बहीण. तान्ह्यांमध्ये तो 'हूप' आवाज बहुधा येतच नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. श्वास ओढायला लागणारी ताकदच त्यांच्यात नसते. ते खोकत नाहीत, फक्त श्वास घ्यायचा थांबतात. आबांनी मला तेच त्यांच्या भाषेत सांगितलं. मग मेंढीची मान धरून उभे राहिले आणि मी रक्त काढलं.

त्यानंतर वर्षं गेली. लस गावोगाव पोहोचली, डांग्या दिसेनासा झाला. मी बदली होऊन जळगावला आले. बटाटे उकडणं कधी बंद पडलं ते आठवतही नाही. सर निवृत्त झाले, नंतर गेले. नव्या डॉक्टरांनी तो खोकला कधी ऐकलेला नव्हता. वर्षाच्या मागणीत मी या तपासणीचं सामान लिहायची आणि वरून उत्तर यायचं, की या रोगाचे रुग्ण नाहीत, तर सामान कशाला? रोग नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून रोग नाही. या चक्रात कागद समाधानी राहतात.

कोरोनात आमच्याकडे मोठी यंत्रं आली. जंतू वाढवत बसायला नको, त्याच्या अंशावरून काही तासांत नाव सांगणारी यंत्रं. डांग्यासाठीही ती चालतात, फक्त त्याचं वेगळं किट लागतं. ते किट आमच्याकडे कधी आलं नाही. साथ ओसरल्यावर यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं.

मी निवृत्तीला आले होते तेव्हाची गोष्ट. थंडी पडायला लागली होती. दुपारी बालविभागातून रक्ताचा नमुना आला, जेमतेम महिन्याच्या मुलीचा. पांढऱ्या पेशी इतक्या, की मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा लावला, तेच. आकडा संगणकावरून वर बालविभागाला पाठवला. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर लिम्फोसाइट नावाच्या पेशींची नुसती गर्दी. साध्या न्यूमोनियात असं होत नाही. डांग्याचा जंतू एक विष सोडतो, त्याने या पेशी रक्तातच अडकून राहतात आणि साचत जातात. मी फोनकडे वळले तोच दारात डॉ. मृणाल उभी होती. बालविभागातली तरुण डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची. पायऱ्या धावत उतरल्यामुळे धापा टाकत होती.

"सुनंदाताई, तो आकडा खरा आहे?"

"खरा आहे."

"मला डांग्याचा संशय आहे. बाळ खोकत नाही, पण मधेच निळं पडतं. आपल्याकडे तपासता येईल?"

"सामान नाही," मी म्हणाले. आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "पण बटाटे मिळतील."

मेंढीच्या रक्ताची बाटली इतर तपासण्यांसाठी असतेच. अगर होतं. नाकातून घालायच्या बारीक, बिनकापसाच्या काड्या कोरोनाच्या साठ्यातून उरल्या होत्या. शिपाई कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून बटाटे घेऊन आला. माझे हात सगळं आपोआप करत होते आणि मी मनात एकच म्हणत होते, देवा, हे थोडं लवकर निवू दे.

दरम्यान मृणालने औषध काढून ठेवलं होतं. औषध पोटात गेलं की जंतू प्लेटवर उगवण्याची आशा कमी होते, आणि प्लेटसाठी औषध थांबवणं म्हणजे पाप. म्हणून बशा गार होईपर्यंत न थांबता मी आधी वॉर्डात जाऊन काडी फिरवून घेतली, ती जंतू जिवंत ठेवणाऱ्या द्रवात बुडवून ठेवली, आणि पाठोपाठ मृणालने पहिला डोस दिला.

बाळाचं नाव इनाया. जळगावजवळच्या नशिराबादची माणसं. बाप शकील कूलरच्या लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग करायचा. आई रुबीना विशीतली, तिचं हे पहिलंच. ती बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून बसली होती. छाती हलायची थांबली की ती बाळाच्या तळपायावर टिचक्या मारायची. घरी रात्रंदिवस हेच करत होती, म्हणाली. गावातल्या डॉक्टरने सर्दी सांगितली होती.

"घरात कुणाला खोकला आहे का?" मृणालने विचारलं.

"नाही," शकील म्हणाला.

रुबीना खाली मान घालून म्हणाली, "अम्मीला आहे. पण तो कापसाचा आहे."

अम्मी म्हणजे शकीलची आई, जैतुनबी. ती वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. थंडीच्या तोंडावर गाद्या-रजया भरायचं काम ती वर्षानुवर्षं करत आलेली. मी तिच्याशेजारी बसले. बोलता बोलता तिला उबळ आली. पदर तोंडाशी धरून ती खोकत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटी भिंतीला डोकं टेकवून तिने श्वास घेतला. 'हूप' नव्हता. मोठ्या माणसांत बहुधा नसतोच. लहानपणची लस किंवा लहानपणचा रोग, दोन्हींचं बळ वर्षांमागून ओसरतं, आणि मग हा जंतू मोठ्यांच्या घशात नुसत्या चिवट खोकल्याच्या वेषात राहतो.

"कापसाची धूळ आहे, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या धंद्यात सगळेच खोकतात. किती दिवस झाले? दिवाळीच्या आधीपासून असेल. मी तर बाळाला रोज मांडीवर घेऊन बसते, तिच्या आईला काय येतं?"

मी तिच्याही नाकातून काडी घेतली. मला माहीत होतं, यातून काही निघायचं नाही. या रोगाचा सगळ्यात कडू भाग हाच आहे. पहिले दोन आठवडे, जेव्हा नुसती सर्दी वाटते, तेव्हा जंतू नाकात भरपूर असतो आणि वाटला जात असतो. पुढे जंतू निघून जातो, खोकला मागे राहतो. माणूस दवाखान्यात येतो तो खोकला घेऊन.

इनायाच्या प्लेटा मी जंतूंना ऊब देणाऱ्या पेटीत, इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघण्यात अर्थ नव्हता, तरी बघितलं. मोकळी लाल जेली. वर इनायाला कृत्रिम श्वास लावला होता. पांढऱ्या पेशी वाढतच होत्या. इतक्या वाढल्या की फुप्फुसातल्या बारीक नळ्या त्यांनीच तुंबायला लागल्या. मृणालने मोठ्या शहरात फोन लावले, पण इतक्या लहान बाळाला त्या अवस्थेत रस्त्याने नेणं शक्य नव्हतं. ती जिन्यात मला भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, नाव माहीत आहे, औषध माहीत आहे, सगळं दिलंय. मग हे असं का?"

औषध जंतूला मारतं. जंतूने आधीच सोडलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. हे तिलाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात, सकाळी, इनाया गेली. मी वर गेले तेव्हा रुबीनाची दोन बोटं अजून तिच्या छातीवर होती. कुणीतरी ती हळूच उचलून बाजूला केली. जैतुनबीने नात हातात घेतली, घट्ट छातीशी धरली, आणि ती माणसं मातीसाठी नशिराबादला निघून गेली. मृत्यूचं कारण न्यूमोनिया लिहिलं गेलं. डांग्या लिहायला पुरावा लागतो.

पुरावा नंतर उगवला. माती होऊन काही दिवस झाले होते. मी प्लेट उजेडात तिरकी धरली आणि पाऱ्याचे ते थेंब दिसले. बारीक, चकचकीत, अगदी तसेच. आयुष्यात दुसऱ्यांदा मी ते बघत होते. काचपट्टी केली, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, इवल्या काड्या. या वेळी मी कुणाला हाक मारली नाही. खुर्चीत बसून राहिले. जैतुनबीची प्लेट अर्थातच कोरी होती.

नियमाप्रमाणे खात्रीसाठी इनायाची प्लेट मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथून कळलं, की पोहोचेपर्यंत जंतू मेला, पुन्हा वाढला नाही, त्यामुळे सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सरकारदरबारी झालंच नाही. जिल्ह्यात डांग्याचा रुग्ण नाही तो नाहीच.

पण घरातली बाकीची माणसं होती. घरात कुणाला नुकती लागण झाली असली तर जंतू अजून फिरत असणार. सगळ्यांना औषध देणं भाग होतं, शेजारच्या तान्ह्यांना लस झाली की नाही ते बघणं भाग होतं. मृणाल आणि मी आरोग्यसेविकेला बरोबर घेऊन नशिराबादला गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत रजईच्या कापसाचा ढीग तसाच पडलेला. शकीलने खुर्च्या दिल्या. रुबीना आतल्या दाराशी बसली.

मृणालने शांतपणे समजावलं, की बाळाला डांग्या खोकला होता, हा एकाकडून दुसऱ्याला लागतो, म्हणून सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या. ती कुणाचंही नाव घेत नव्हती. शब्द निवडून निवडून बोलत होती. पण जैतुनबी तिच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या नाकात पण काडी घातली होती. काय निघालं?"

"काही निघालं नाही," मी म्हणाले. "तुमची प्लेट कोरी होती."

ते खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. पण ती बाई आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलत आलेली. माणूस कुठे थांबला ते तिला कळायचं.

"मेरेसे लगा क्या मेरी बच्ची को?"

मृणाल म्हणाली, "आजी, तसं नक्की सांगता येत नाही. कुणाकडूनही लागू शकतं. बाजारात, दवाखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याकडून."

"घरात दुसरं कोण खोकत होतं?"

शकील उठून बाहेर गेला. त्याला आईवर राग आला होता, की आईचा चेहरा बघवत नव्हता, मला कळलं नाही. रुबीना मात्र जागेवरून उठली, सासूजवळ आली आणि तिच्या हातावर गोळी ठेवून पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या अम्मी," एवढंच म्हणाली. जैतुनबीने गोळी घेतली. परतताना गाडीत मृणाल खिडकीकडे तोंड करून रडत होती.

मी मृणालला म्हणाले, बाईचा दोष काय? तिला कोणी सांगितलं होतं, की खोकणाऱ्याने तान्ह्याला मांडीवर घेऊ नये? बाळाला डांग्याची पहिली लस मिळायला दीड महिन्याचं व्हावं लागतं. तोवर त्याचं रक्षण करायचं तर आईला गरोदरपणातच या रोगाची लस द्यायला हवी. ती खासगीत मिळते. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जे इंजेक्शन देतात त्यात डांग्याची लस नसते. हे रुबीनाला माहीत नव्हतं, शकीलला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी नशिराबादच्या गल्लीत ते मागायचं कुणाकडे?

पुढे मृणालची बदली झाली. मी निवृत्त झाले. जाण्याआधी मी सामानाच्या मागणीत ते किट पुन्हा एकदा लिहिलं. यंत्रावर आवरण अजून आहे, असं परवाच कळलं.

मागच्या हिवाळ्यात बहिणीच्या तपासणीसाठी त्याच दवाखान्यात गेले होते. लसीकरणाच्या खोलीबाहेर बायकांची रांग होती आणि रांगेत रुबीना. कडेवर दुसरं बाळ, मुलगा, चांगला गुटगुटीत. तिनेच मला हाक मारली. दीड महिन्याची लस चुकवली नव्हती, आज नवव्या महिन्याची होती; वजनही आत्ताच झालं, म्हणत तिने मला कार्ड दाखवलं. मी बाळाला घेतलं. त्याने माझा चष्मा ओढला.

"अम्मी कशा आहेत?" मी विचारलं.

रुबीनाने मानेने आवाराकडे खूण केली. लांब, कुंपणाला लागून, जैतुनबी उन्हात उभी होती. मी बाळाला घेऊनच तिच्याकडे गेले. ती पार वाळली होती. रजयांचं काम सोडलं होतं. खोकला कधीचा गेला होता, आवाज स्वच्छ होता. तिने मला ओळखलं, सलाम केला.

"नातू छान आहे," मी म्हणाले. "घ्या की."

ती मागे सरकली. पाठ कुंपणाला लागली तरी सरकायला बघत होती.

"नको मॅडम. मी घेत नाही त्याला."

"आजी, आता तुमच्यात काही नाही. तेव्हाच गेलं ते. मी सांगते ना."

"तुम्ही तेव्हापण सांगितलं होतं, काही निघालं नाही."

बाळ तिच्याकडे बघून हात पसरायला लागलं. घरात रोज दिसणारा चेहरा, त्याला काय कळणार? तिने तोंड फिरवलं नाही. डोळे भरून त्याच्याकडे बघत राहिली.

"किती वजन भरलं त्याचं आज?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"जड झाला असेल," ती म्हणाली.